पांढरा कोणी ठरवायचा?

एका सकाळी पाखरांचे फोटो काढायला बाहेर पडलो. तासाभरात शंभरावर फोटो झाले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले, तर सगळे निळे. निळसर नव्हे, शाईच्या दौतीत बुचकळून काढल्यासारखे निळे. आदल्या रात्री दिव्याच्या उजेडात काहीतरी टिपताना व्हाइट बॅलन्स, म्हणजे समोरचा उजेड कोणत्या रंगाचा ते कॅमेऱ्याला सांगणारं सेटिंग, 'टंगस्टन'वर, म्हणजे बल्बच्या चित्रावर ठेवला होता, तो तसाच राहिला. बाहेर उन्हात कॅमेऱ्याची मागची स्क्रीन धड दिसत नव्हती, आणि समोर पाखरं असताना मी तरी तिच्याकडे कशाला बघतोय?

त्यातही एक गंमत झाली होती. कार्डावरची जागा संपत आली म्हणून मी मध्येच इमेज क्वालिटी 'रॉ'वरून 'जेपेग'वर आणली होती. त्यामुळे अर्धे फोटो एका प्रकारचे, अर्धे दुसऱ्या. रॉ फाइली एका क्लिकसरशी सुधारल्या, चूक झालीच नव्हती असं वाटावं इतक्या. जेपेग फाइलींशी मात्र संध्याकाळभर झटापट केली. निळेपणा उतरला, पण पानं मरगळलेली आणि आभाळात विचित्र पट्टे. चूक एकच, कॅमेरा एकच, ऊन तेच. मग एका फाइलीत ती पुसली जाते आणि दुसरीत रुतून बसते, ती का?

मेनूत व्हाइट बॅलन्स आणि इमेज क्वालिटी ही दोन सेटिंग्ज बहुधा वेगवेगळ्या पानांवर असतात. त्यांचं एकमेकांशी काही नातं आहे हे त्यामुळे चटकन ध्यानात येत नाही. सेन्सरपासून सुरुवात केली की येतं.

सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, रंगांधळा असतो. त्यावरचा प्रत्येक पिक्सेल आपल्यावर किती प्रकाश पडला एवढंच मोजतो. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाने गाड्यांचा आकडा लिहावा आणि गाडीचा रंग लिहूच नये, तसं. रंग कळावा म्हणून प्रत्येक पिक्सेलवर एक इवलीशी रंगीत गाळणी बसवलेली असते: लाल, हिरवी किंवा निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरव्याला दुप्पट वाटा, कारण बारीक तपशील टिपताना आपला डोळा हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशावर सर्वांत जास्त विसंबतो. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या अशा कॅमेऱ्यात लाल रंग खरोखर मोजणारे पिक्सेल फक्त ६० लाख. बाकीच्या ठिकाणचा लाल शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचा. मेगापिक्सेलचा आकडा जाहिरातीत ठळक छापतात, ही गोष्ट छापत नाहीत.

रॉ फाइल म्हणजे या मोजणीची कच्ची वही. नावाचा अर्थही तोच, कच्चं.

आता उजेडाकडे वळू. लोखंड तापवलं की आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरं दिसू लागतं. वितळू न देता आणखी बरंच तापवता आलं असतं तर निळसर पांढरं दिसलं असतं. तापमान आणि उजेडाचा रंग यांचा हा संबंध इतका पक्का आहे, की उजेडाची रंगछटा सांगायला केल्विन हे तापमानाचंच एकक वापरतात. मेणबत्ती १९०० केल्विनच्या आसपास, तारेचा जुना बल्ब २७०० ते ३०००, दुपारचं ऊन ५५०० च्या आगेमागे. उघड्या आकाशाखालची सावली ७००० ते ८०००, कारण तिथे सूर्य दिसत नाही आणि उजेड येतो तो निळ्या आकाशाकडून. आकाश तेवढं तापलेलं असतं असं नाही. तेवढी तापलेली वस्तू त्या रंगाची दिसेल, इतकाच त्या आकड्याचा अर्थ.

या फरकाची आपल्याला सहसा दादही नसते. पांढरा कागद बल्बखाली पांढरा आणि खिडकीशीही पांढराच. डोळ्यामागचा मेंदू उजेडाचा रंग परस्पर वजा करून टाकतो आणि ते आपल्याला कळवतही नाही. हा हिशेब चालतो याचा पुरावा तो चुकला की मिळतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पट्ट्यापट्ट्यांच्या ड्रेसचा फोटो जगभर फिरला होता, कोणाला तो निळा-काळा दिसे, कोणाला पांढरा-सोनेरी. प्रत्यक्षात ड्रेस निळा-काळाच होता. फोटोतून उजेड कोणता हे नीट कळत नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या मेंदूने आपापल्या समजुतीने वजाबाकी केली. ज्यांनी सावलीतला निळसर उजेड गृहीत धरला त्यांना कापड पांढरं दिसलं.

सेन्सरला असा मेंदू नाही, म्हणून व्हाइट बॅलन्स. नाव भारदस्त असलं तरी आत फक्त गुणाकार आहे. समजा, बल्बच्या उजेडात पांढऱ्या कागदावरून हिरव्या पिक्सेलने १००० मोजले आणि निळ्याने ४००. निळ्या पिक्सेलांचे सगळे आकडे अडीचने गुणले की कागद पुन्हा पांढरा. लालसाठी असाच एक वेगळा गुणक. दोन गुणक, अख्ख्या फोटोला सारखेच. 'ऊन', 'सावली', 'ढगाळ', 'बल्ब', 'ट्यूबलाइट', 'फ्लॅश' अशी जी चित्रं मेनूत दिसतात, त्या प्रत्येकामागे या गुणकांची एक ठरलेली जोडी असते.

इथे एक गोंधळ हमखास होतो. केल्विनचा आकडा हाताने वाढवत नेला तर उजेड निळा व्हायला हवा, पण फोटो पिवळा होत जातो. कारण तो आकडा फोटोला रंग देत नाही, समोरचा उजेड इतका निळा आहे अशी कॅमेऱ्याला खबर देतो. मग कॅमेरा तेवढा निळा काढून टाकतो. उजेड खरंच तसा नसेल तर जे उरतं ते पिवळं. माझ्या सकाळी नेमकं उलट झालं होतं. कॅमेऱ्याला मी सांगितलं उजेड बल्बचा, पिवळा. त्याने इमानदारीत निळा भरला.

आता मूळ प्रश्न. रॉ फाइलीत हे गुणक फक्त समासात टीप म्हणून लिहिलेले असतात. वहीतले आकडे जसेच्या तसे असतात, शटर दाबताना बल्बचं चित्र होतं की उन्हाचं, याने त्यांच्यात काही फरक पडत नाही. घरी बसून टीप खोडायची, नवी लिहायची, झालं. जेपेग बनवताना मात्र कॅमेरा गुणाकार करून मोकळा होतो. त्यावर कॉन्ट्रास्ट चढवतो, कडा धारदार करतो, आणि मग प्रत्येक रंगाच्या पायऱ्या कमी करतो. रॉमध्ये १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या असू शकतात. जेपेगमध्ये ८ बिट, म्हणजे २५६. बाकीचे आकडे तो फेकून देतो.

रॉचे भक्त हे दोन आकडे शेजारी ठेवून विजयी मुद्रेने बघतात, तेवढं ते सरळ नाही. जेपेगच्या २५६ पायऱ्या समान अंतरावर नसतात. अंधाऱ्या भागातले फरक डोळ्याला अधिक जाणवतात म्हणून तिथे त्या दाट बसवलेल्या असतात. नीट टिपलेला जेपेग बघायला पुरेसा असतो, अगदी मोठ्या छपाईतही. अडतं ते तो ओढाताण करून बदलायला गेल्यावर. माझ्या निळ्या फोटोंत निळ्याचा गुणक इतका मोठा होता, की उजळ आभाळातला निळा २५५ ला जाऊन टेकला. त्यापलीकडे आकडाच नाही, सगळे फरक तिथे सपाट झाले. उलट लाल थोड्याशाच पायऱ्यांत दाटीवाटीने बसलेला. तो ताणला की पायऱ्यांमध्ये फटी पडतात, आणि फटी म्हणजे आभाळातले ते पट्टे.

जेपेगचा स्वतःचा काटकसरीचा मार्ग मात्र दाद देण्याजोगा आहे. १९९२ सालचं हे मानक चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात किती भाग सावकाश बदलणारा, किती झरझर बदलणारा, हे वेगळं काढतं. त्यामागचं गणित नासिर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं. झरझर बदलणारे बारीक भाग डोळ्याला फारसे खटकत नाहीत, ते ढोबळ केले तरी चालतात. रंगांचे तपशील तर बहुतेक वेळा आधीच निम्मे केलेले असतात, कारण डोळा उजेड-अंधार बारकाईने पाहतो आणि रंग ढोबळ. मेनूतले 'फाइन', 'नॉर्मल', 'बेसिक' म्हणजे हा ढोबळपणा किती, याच्या पायऱ्या. 'लार्ज', 'मीडियम', 'स्मॉल' हा अगदी वेगळा प्रश्न आहे, पिक्सेल किती ठेवायचे याचा. ही दोन्ही एकच समजणारे पुष्कळ भेटतात.

मला विचाराल तर लार्ज आणि फाइनवर ठेवावं आणि विसरून जावं. जागेची फारच ओढ असेल तर आधी फाइनचं नॉर्मल करावं, पिक्सेल कमी करू नयेत. ६००० बाय ४००० पिक्सेलांचा फोटो इंचाला ३०० पिक्सेल या बारीक छपाईत २० इंच रुंद निघतो, आणि फोर-के स्क्रीनला तर सव्वाआठ मेगापिक्सेल पुरतात, हे खरं. पण पाखरू चौकटीच्या कोपऱ्यात इवलंसं आलं असेल आणि तेवढंच कापून घ्यायचं असेल तेव्हा उरलेले पिक्सेल कामाला येतात. आणखी एक भीती उगाच पसरली आहे. जेपेग नुसता उघडला किंवा कॉपी केला तर खराब होत नाही. बदल करून पुन्हा जेपेग म्हणून साठवला, की मात्र दरवेळी थोडी झीज होते.

रोजच्या वापरात व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर असतो आणि बहुतेक वेळा ठीक काम करतो. त्याची जुनी, साधी युक्ती अशी: दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी येईल असं धरायचं, आणि जी छटा जास्त निघेल ती उजेडाची समजून काढून टाकायची. आताचे कॅमेरे याहून बरेच हुशार आहेत, पण फसायच्या जागा त्याच. चौकटभर पिवळी फुलं असली की पिवळा फिका पडतो. दाट झाडीत हिरव्याचं तेच. सूर्यास्ताचं तर विचारू नका. जे टिपायला आपण थांबलो तोच रंग कॅमेरा दोष समजून धुऊन काढतो. तिथे उन्हाचं चित्र निवडावं. शिवाय ऑटो प्रत्येक फोटोसाठी नव्याने ठरवतो, त्यामुळे जोडून एक लांबलचक दृश्य करायचे सात फोटो सात छटांचे येऊ शकतात आणि सांधे उघडे पडतात. मालिकेसाठी कोणताही एक आकडा धरून ठेवावा. तो थोडा चुकला तरी सगळीकडे सारखाच चुकेल, आणि सारखी चूक एकदम दुरुस्त होते.

रंग अचूकच हवा असेल, म्हणजे चित्राचा किंवा कापडाचा फोटो असेल, तर त्याच उजेडात राखाडी कार्डाचा एक फोटो घेऊन 'कस्टम' सेटिंग करतात. छपाईचा पांढरा कागद त्या जागी वापरू नये. तो जास्त शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं अतिनील किरणं शोषून निळा प्रकाश सोडतात, त्यामुळे आपलं मापच निळं होतं.

ट्यूबलाइट आणि एलईडी हे तापलेल्या वस्तूचे उजेड नव्हेत. त्यांत बहुधा हिरव्याची झाक उरते, आणि ती केल्विनच्या पट्टीवर कुठेच बसत नाही. म्हणून हिरवा-किरमिजी अशी दुसरी पट्टी दिलेली असते. काही दिवे लुकलुकतात, ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा. शटर फार वेगाने मारलं की लागोपाठच्या फोटोंत रंगच बदललेला दिसतो. तिथे व्हाइट बॅलन्सशी खेळत बसू नये, शटरचा वेग सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत किंवा त्याहून खाली आणावा. आणि एका बाजूने खिडकी, दुसऱ्या बाजूने बल्ब असेल तर अख्ख्या फोटोला लागणारे दोन गुणक दोघांचं समाधान कसं करणार? दिवा बंद करणं सर्वांत सोपं.

रॉ असला की हे सगळं सोडून द्यावं का? पुष्कळजण तसं म्हणतात. पण गुणाकाराने नसलेलं येत नाही. बल्बच्या उजेडात निळा मुळातच कमी, तो अडीचपट केला की त्यातला दाणेदार गोंगाटही अडीचपट होतो. काही मीटर खोल पाण्यात लाल उजेड जवळपास शोषला गेलेला असतो, तिथे कितीही मोठा गुणक लावा, हाती काही लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त छुपी आहे. मागच्या स्क्रीनवरचा फोटो आणि उजेडाचा आलेख (फोटोत किती भाग काळोखा, किती उजळ हे दाखवणारा), दोन्ही रॉवरून काढलेले नसतात. कॅमेरा आत एक छोटा जेपेग बनवतो आणि त्यावरून ते दाखवतो. व्हाइट बॅलन्स चुकलेला असेल तर आलेखातला निळा भरून वाहताना दिसतो, आपण घाबरून उजेड कमी करतो, आणि रॉ फाइल विनाकारण काळोखी येते.

त्या सकाळचे माझे रॉ फोटोही नंतर नीट पाहिले तेव्हा गरजेपेक्षा काळपट निघाले. कधीतरी मधूनच मी आलेखाकडे पाहून हात आखडता घेतला असणार. जेपेगपैकी एकच ठेवला आहे, फांदीवर पाठमोरं बसलेल्या पाखराचा. तो निळाच राहू दिला, कारण चांदण्यातला वाटतो. आता कॅमेरा बंद करताना व्हाइट बॅलन्स ऑटोवर आणून ठेवतो. आठवलं तर.