कार्नोसिन

कार्नोसिन म्हणजे दोनच अमिनो ॲसिडं जोडून झालेलं छोटंसं संयुग, एक बीटा-ॲलानिन आणि दुसरं एल-हिस्टिडिन, म्हणून ते डायपेप्टाइड. नाव लॅटिनमधल्या मांसाच्या शब्दावरून आलंय, कारण व्लादिमिर गुलेविच या रशियन केमिस्टने १९०० साली सहकाऱ्यासोबत ते मांसाच्या अर्कातूनच वेगळं काढलं. पुढे १९०५ मध्ये गुलेविच आणि क्रिमबर्ग यांना मांसातच कार्निटिन नावाचं दुसरं संयुगही सापडलं. नावं इतकी सारखी की जिममध्ये अजूनही एकाच्या जागी दुसऱ्याचा डबा आणणारे भेटतात, पण दोघांचं काम पार वेगळं.

दिसायला पांढरी स्फटिकासारखी पूड, रेणुभार साधारण २२६, पाण्यात पटकन विरघळते, त्यामुळे मटण शिजताना त्यातलं बरंचसं कार्नोसिन रश्श्यात उतरतं. शरीरात ते मुख्यतः स्नायूंत आणि मेंदूत असतं, आणि झटक्यात जोर लावणाऱ्या स्नायूतंतूंमध्ये जास्त. जोरात पळलं की स्नायूत ॲसिड वाढतं, पीएच (हा आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) ७ च्या आसपासून ६.५ पर्यंत घसरतो, आणि कार्नोसिनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला ते सर्वात चांगला बफर ठरतं तो आकडा, ६.८३ म्हणजे नेमका याच पट्ट्यात, म्हणून ते ॲसिड शोषून घेणारा बफर म्हणून इथे फिट बसतं. शाकाहारी लोकांच्या स्नायूंत ते सहसा कमी असतं, पण शून्य नाही, कारण शरीर स्वतःच बनवतं.

आता खरी गंमत. कार्नोसिनची गोळी खाल्ली की ते सरळ स्नायूत जाऊन बसतं असं नाही, माणसाच्या रक्तात कार्नोसिनेज नावाचं एन्झाइम असतं ते त्याचे लगेच दोन तुकडे करतं. उंदरांच्या रक्तात हे एन्झाइम नसतं, त्यामुळे उंदरावर दिसलेला फायदा माणसाच्या जाहिरातीत छापला तर जरा सावधच राहावं. म्हणूनच खेळाडू थेट बीटा-ॲलानिन घेतात, रोज ४ ते ६ ग्रॅम, चारेक आठवडे, मग स्नायूतलं कार्नोसिन वाढतं. एकदम मोठा डोस मारला तर चेहरा, मान, हातांना मुंग्या येतात, घाबरायला होतं पण तासा-दीड तासात जातात, डोस थोडा थोडा वाटून घेतला की त्रास कमी.

जस्ताशी जोडलेलं कार्नोसिन, म्हणजे पोलाप्रेझिंक, जपानमध्ये पोटाच्या अल्सरवर औषध म्हणून वापरतात. एन-ॲसिटिल कार्नोसिन, म्हणजे कार्नोसिनचंच थोडं बदललेलं रूप, त्याच्या ड्रॉप्सने मोतीबिंदू बरा होतो याला मात्र ठोस पुरावा नाही, मोतीबिंदूला ऑपरेशनच लागतं.

लॅबमध्ये हाताळायला कार्नोसिन फार भयंकर नाही, तरी पूड उडते म्हणून हातमोजे, चष्मा घालायचा, श्वासातून आत जाऊ द्यायची नाही, डोळ्यात गेली तर भरपूर पाण्याने धुवायचं. ओलावा लागला की गुठळ्या होतात, म्हणून झाकण घट्ट लावून कोरड्या थंड जागी ठेवायचं, आणि फ्रीजमधून काढलेली बाटली लगेच न उघडता आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं. लॅबसाठीची पूड खायची नसते, घरी पाण्यात कालवून डोळ्यात घालायची तर मुळीच नाही.