पासष्टीची अट आणि 'पर डे'वरचे आजोबा

३० मे २०२० रोजी राज्य सरकारने चित्रीकरणाला पुन्हा परवानगी देणारा शासन निर्णय काढला. १९ मार्चपासून करोनामुळे गोरेगाव, मड, घोडबंदर, सगळीकडचे सेट बंद पडले होते. त्यामुळे बहुतेकांनी त्या निर्णयात एवढंच पाहिलं, की काम सुरू होतंय. सेटवर किती माणसं चालतील, मेकअपवाल्याने पीपीई किट घालायचं का, लग्नाचा प्रसंग कसा घ्यायचा, यावर भरपूर चर्चा झाली. त्यातली एक अट मात्र काही घरांत पुन्हा पुन्हा वाचली गेली: पासष्टीच्या पुढच्या कोणालाही चित्रीकरणाच्या जागी प्रवेश नाही. मग तो कलाकार असो की तंत्रज्ञ.

ही अट जेमतेम सव्वादोन महिने टिकली. ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि आता ती कुणाच्या फारशी लक्षातही नाही. पण चरित्र अभिनेता, म्हणजे बाप, आजोबा, इन्स्पेक्टर अशी नायकाभोवतीची कामं करणारा माणूस या शहरात कसा जगतो हे समजून घ्यायला त्या एका ओळीइतका उपयोगी कागद दुसरा नाही, असं माझं मत आहे. म्हणून हे टिपण तिच्याभोवतीच फिरतं.

नायकाला वय लपवावं लागतं. चरित्र अभिनेत्याचं पोट वयावरच चालतं. पांढरे केस, सुटलेला देह, जिना चढताना लागणारी धाप, यातलं काहीच त्याला झाकावं लागत नाही, उलट त्यासाठीच त्याला बोलावणं येतं. हिंदी सिनेमात गरीब, सज्जन म्हातारा म्हटला की ज्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, ते गृहस्थ पडद्यावर आले १९६६ साली, वयाच्या ५२व्या वर्षी. त्याआधी स्वातंत्र्यलढा, तुरुंग, शिंपीकाम आणि हौशी-प्रायोगिक रंगभूमी एवढं सगळं करून झालं होतं. इतर नोकऱ्यांत माणूस निवृत्तीचे हिशेब मांडू लागतो, त्या वयात त्यांची कारकीर्द सुरू झाली. या धंद्यात पासष्टी हा उताराचा टप्पा नाहीच. आजोबा, सरपंच, निवृत्त न्यायाधीश, देवळातला पुजारी, ही कामं खऱ्या अर्थाने तिथून पुढे मिळतात. अट नेमकी त्याच रेषेवर येऊन बसली.

मागे वळून पाहायचं तर पहिला टप्पा पगारी नोकरीचा. बोलपट १९३१ साली गिरगावातल्या चित्रगृहात आला. त्या दशकात दादरला आणि मालाडला जे मोठे स्टुडिओ होते, तिथे नायिकेपासून नोकराचं काम करणाऱ्यापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर असत. खाष्ट सासू किंवा सावकार रंगवणाऱ्याला दोन चित्रपटांच्या मधल्या काळातही घर चालवता येई. महायुद्धाच्या काळात ठेकेदारीचा आणि काळ्या बाजाराचा पैसा चित्रपटांत आला, नव्या निर्मात्यांनी नावाजलेल्या नटांना एकेका चित्रपटाचे घसघशीत पैसे देऊ केले आणि स्टुडिओंची मस्टरं रिकामी होत गेली. नायक मोकळा झाला तो श्रीमंत होण्यासाठी. बापाचं काम करणाराही मोकळा झाला, पण त्याच्या मोकळेपणाला आधार काहीच नव्हता.

या काळातल्या एका मराठी नायिकेची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. १९४२ साली चित्रीकरणात सहकलाकाराने मारलेली थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूवरून वारं गेल्यासारखं झालं, डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे तोच बारीक डोळा खाष्ट सासूची ओळख झाला आणि १९८७ साली रविवार सकाळच्या पौराणिक मालिकेत मंथरा म्हणून देशभर पोहोचला. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण सेटवरच्या अपघाताने बाईचा चेहरा बदलतो, तेव्हा जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या कौतुकात कुणी विचारत नाही. तो प्रश्न २०२० मध्ये पुन्हा उभा राहिला.

साठ ते ऐंशीच्या दशकांबद्दल फार लिहीत नाही. वाचकांना ते सिनेमे पाठ आहेत. फक्त कामाची पद्धत लक्षात घ्यावी. एकदा माणूस इन्स्पेक्टर म्हणून शोभला की तो जन्मभर इन्स्पेक्टर. एका अभिनेत्याने १४४ चित्रपटांत पोलीस रंगवला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. असा माणूस एका दिवसात दोन-दोन शिफ्ट करी: सकाळी अंधेरीत, संध्याकाळी चेंबूरला, गणवेश तोच. नायकाच्या तारखा हलल्या की याच्या तारखा आपोआप हलत, आणि हललेल्या तारखेचे पैसे कुणी देत नसे. मराठी रंगभूमीवरून आलेल्यांना हा हिशेब नवा नव्हता, कारण नाटकातही 'नाईट', म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळते ती प्रयोग झाला तरच.

सरकारचं या मंडळींकडे कायदा म्हणून लक्ष गेलं ते १९८१ साली. चित्रपट कामगारांसाठी कायदे झाले. त्यांतल्या रोजगाराचं नियमन करणाऱ्या कायद्यात अभिनेताही कामगार धरला होता, पण महिन्याला १,६०० रुपये किंवा एका चित्रपटाचे १५,००० रुपये यापेक्षा जास्त मिळत नसतील तरच. शिवाय व्याख्या कथापटाची (फीचर फिल्मची). दूरदर्शनचं मुंबई केंद्र तेव्हा वरळीला नऊ वर्षांपासून चालू होतं, पण प्रायोजित मालिकांची लाट १९८४ नंतरची. ती आली तेव्हा कायद्याच्या भाषेत तिच्यासाठी जागाच नव्हती.

खासगी वाहिन्यांनी खरा बदल केला. १९९९ ला पहिली मोठी खासगी मराठी वाहिनी आली, २००० नंतर रोजच्या मालिका सुरू झाल्या आणि एक मराठी मालिका तर तीन हजारांहून अधिक भाग चालली. दैनंदिन मालिकेला एकत्र कुटुंब लागतं, आणि एकत्र कुटुंबाला आजी-आजोबा लागतात. साठीतल्या नटांना आयुष्यात पहिल्यांदा महिन्यातले ठरावीक दिवस मिळू लागले. कुणी ठाण्याला घर घेतलं, कुणी सेट जवळ पडतो म्हणून मीरा रोडला गेलं. 'पर डे', म्हणजे दिवसाचा मेहनताना, ठरलेला, गाडी येते, जेवण सेटवर. चणचण नव्हती असं नाही. पैसे सर्वसाधारणपणे ९० दिवसांनी हातात येतात, म्हणजे गुढीपाडव्याला केलेल्या कामाची रक्कम आषाढीच्या सुमारास. ट्रॅक, म्हणजे कथेतला त्यांचा धागा, बंद झाला की आजोबा भिंतीवर हार घालून लटकतात, आणि हे त्यांना कित्येकदा सेटवर गेल्यावरच कळतं. तरीही चित्रपटापेक्षा हा व्यवहार बरा होता.

मार्च २०२० मध्ये तो थांबला. डिसेंबर-जानेवारीचे पैसे यायचे होते, त्यामुळे पहिले दोन महिने निभावले. नेमके ते पैसे संपत आले तेव्हा परवानगी आली, ती या अटीसह.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पासष्टीच्या वरच्यांना करोनाचा धोका जास्त, हे तेव्हा जगभर सांगितलं जात होतं आणि केंद्राच्या सूचनांमध्येही ज्येष्ठांनी घरी राहावं असं होतं. मेकअप आणि अभिनय मास्क लावून करता येत नाही, हेही खरं. पण केंद्राच्या सूचनेत सल्ला होता. राज्याने या एका व्यवसायापुरता त्याचा हुकूम केला. सत्तर वर्षांचा दुकानदार दुकान उघडू शकत होता, सत्तर वर्षांचे काका पन्नास माणसांच्या लग्नाला जाऊ शकत होते. मात्र सत्तर वर्षांच्या नटाने काकांचं काम करायचं नाही. जूनमध्ये निर्णयात सुधारणा झाल्या, ही अट राहिली. संघटनांनी पत्रं पाठवली, त्यांचा उपयोग झाला नाही.

न्यायालयात गेला तो कुणी नामांकित चेहरा नव्हता. चार दशकं चित्रपटांत आणि मालिकांत छोटी कामं करणारा ७० वर्षांचा अभिनेता होता. त्याचं म्हणणं साधं होतं: मी धडधाकट आहे, मला दुसरं उत्पन्न नाही, मला कामाला जाऊ द्या. निर्मात्यांच्या एका संघटनेनेही वेगळी याचिका केली. याकडे मला थोडं संशयाने पाहावंसं वाटतं. कलाकारांना ९० ऐवजी ३० दिवसांत पैसे मिळावेत ही मागणी त्याच महिन्यांत चर्चेत होती आणि तिच्यासाठी निर्मात्यांकडून एवढी तत्परता दिसली नाही. आजोबांशिवाय मालिका लिहिणं अवघड होतं, हेही कारण असणारच. लेखकांनी तोवर म्हाताऱ्या पात्रांना गावी पाठवलं होतं, तीर्थयात्रेला धाडलं होतं, व्हिडिओ कॉलवर आणलं होतं. लोकांना ते पटत नव्हतं.

न्यायालयाने एक ज्येष्ठ वकील मदतीला नेमला आणि सरकारला विचारलं, की इतर क्षेत्रांत नसलेली बंदी इथेच कशाच्या आधारावर? कुठला अभ्यास, कुठली आकडेवारी? समाधानकारक उत्तर मिळालं नाही. समानतेचा, व्यवसायाचा आणि प्रतिष्ठेने जगण्याचा, असे तिन्ही हक्क मोडले जातात असं म्हणून अट रद्द झाली. त्याच निकालात एक वाक्य पुढे होतं, जे बातम्यांतून गळलं: इतर व्यवसायांतल्या पासष्टीवरच्यांना लागू असलेल्या सर्व सूचना या कलाकारांनाही लागू राहतील. म्हणजे कामावर जा, पण काळजी घ्या. काळजी कोण घेणार, हे त्यात नव्हतं. ते ठरवणं न्यायालयापुढचा प्रश्नही नव्हता.

दीड महिन्यातच त्याचं उत्तर शोधायची वेळ आली. साताऱ्यात चालू असलेल्या एका मराठी मालिकेच्या सेटवर संसर्ग पसरला, वीसहून अधिक जण बाधित झाले आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी त्यांपैकी ७९ वर्षांच्या ज्येष्ठ अभिनेत्रीचं साताऱ्यातच निधन झालं. मराठी आणि कोकणी रंगभूमीपासून हिंदी सिनेमापर्यंत शेकडो भूमिका केलेल्या त्या बाई शेवटपर्यंत कामावर होत्या. बंदीचे समर्थक म्हणाले, बघा. विरोधक गप्प बसले. दोघांचंही चुकलं असं मला वाटतं. बंदी असती तर त्या दिवसांचे पैसे त्यांना कुणी दिले नसते, आणि बंदी उठली म्हणून कुणी सेट सुरक्षित केला नाही. घरी राहा आणि हा घ्या निम्मा 'पर डे', असा तिसरा पर्याय सरकार, वाहिनी आणि निर्माता यांपैकी एकानेही मांडला नव्हता. जूनअखेरीस वाहिन्या, निर्माते आणि संघटना यांच्यात २५ लाखांच्या मृत्यूविम्यावर आणि दोन लाखांपर्यंतच्या रुग्णालय खर्चावर एकमत झालं होतं. ती तरतूद करोनापुरती होती. घरी बसलेल्याला त्यातून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

२०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात चित्रीकरण पुन्हा थांबलं, तेव्हा कुणी अट घातली नाही आणि कुणी न्यायालयात गेलं नाही. मालिका उचलून गोव्याला, दमणला नेल्या. मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या मागे घेतल्या आणि युनिटं पुन्हा हलली. हॉटेलात महिनाभर बंदिस्त राहायचं, बाहेर जायचं नाही, औषधं बरोबर न्यायची. घरच्यांनी नको म्हटलं म्हणून किंवा स्वतःलाच धीर झाला नाही म्हणून ज्या आजी-आजोबांनी नकार दिला, त्यांची पात्रं मागे पडली किंवा दुसऱ्या चेहऱ्याने चालू राहिली. शासन निर्णयाने जे ऑगस्टपर्यंत केलं होतं, ते इथे कागदाशिवाय झालं.

राज्याची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना १९५४-५५ पासून आहे. तिच्यात वयाची अट पन्नाशीची. म्हणजे एकाच सरकारच्या एका कागदावर नट पन्नाशीत ज्येष्ठ होतो आणि दुसऱ्यावर पासष्टीत धोकादायक. २०२४ मध्ये ही रक्कम सरसकट महिना ५,००० रुपये झाली. उत्पन्नमर्यादा अशी आहे की मालिकेत थोडंफार काम मिळणारा मुंबईकर नट तिच्या बाहेरच पडतो. काम पूर्ण सुटलं तर आत येतो, पण तोवर कागदपत्रं जमवणारं कुणी उरलेलं नसतं. वर ज्या ५२व्या वर्षी आलेल्या अभिनेत्याचा उल्लेख केला, त्यांच्या उपचारांचा खर्च झेपत नसल्याची बातमी २०११ साली झळकली. मग मदतीचे हात आले. २०१२ मध्ये, नव्वदी कधीच ओलांडलेली असताना, ते चाकाच्या खुर्चीतून एका मालिकेत दिसले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. त्या पुनरागमनावर कौतुकाचे लेख आले होते.

१९८१ च्या कायद्यांची जागा आता नव्या कामगार संहितांनी घेतली आहे. संसदेत त्या सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे साताऱ्याच्या त्या आठवड्यातच मंजूर झाल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत दृकश्राव्य कामगार अशी व्याख्या आली आहे आणि मालिकाही तिच्यात बसते. लेखी करार बंधनकारक आहे. चाळिशीवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करायची, असंही सांगण्यात आलं आहे. महिन्यात पाच दिवस एका मालिकेत, दोन दिवस जाहिरातीत आणि एक दिवस वेबसीरिजमध्ये निवृत्त न्यायाधीश होणाऱ्या माणसाचा मालक नेमका कोण धरायचा, यावर निर्माते आणि संघटना यांच्यात आता नव्याने वाद घालावा लागणार आहे.