‘अँग्लो-इंडियन’ म्हणजे नेमके कोण?

रुपयाचे सोळा आणे होते त्या काळात साहेब लोक माणसाचं रक्तही आण्यांत मोजत. ‘त्याच्यात दोन आणे तरी काळं रक्त असेल’ असं एखाद्याबद्दल पाठीमागे बोललं जाई. गोरा बाप आणि देशी आई यांच्या मुलांना तोंडावर काय म्हणायचं, हे मात्र बराच काळ ठरत नव्हतं. ‘हाफ-कास्ट’ ही तर उघड शिवीच. युरेशियन, इंडो-ब्रिटन, ईस्ट इंडियन ही त्यातल्या त्यात बरी नावं.

नावाचा घोळ होता, पण दारं बंद करताना कंपनी सरकारला तो आड आला नाही. १७९१ मध्ये अशा मुलांना कंपनीच्या मुलकी, लष्करी आणि आरमारी नोकऱ्या बंद झाल्या. १७९५ मध्ये तर फौजेत त्यांच्यासाठी वाजंत्री आणि नालबंद एवढीच कामं उरली. स्कॉटिश बापाचा आणि रजपूत आईचा जेम्स स्किनर मग शिंद्यांच्या फौजेत गेला. १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटलं आणि इंग्रजांच्या रक्ताचा म्हणून तिथूनही त्याला निघावं लागलं!

१८३० मध्ये कलकत्त्याच्या जॉन रिकेट्सनी या समाजाचं गाऱ्हाणं ब्रिटिश पार्लमेंटपुढे नेलं, ते ‘ईस्ट इंडियन’ या नावाने. पुढे ते नाव मागे पडलं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, मुंबई-साष्टी-वसईच्या कॅथलिकांनी ते उचललं. नोकरीसाठी गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे त्यांना सांगायचं होतं. हे लोक मुळचे कोळी, भंडारी वगैरे. घरात मराठीची बोली. आजही कुणी त्यांना अँग्लो-इंडियन समजलं की ते वैतागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

खुद्द ‘अँग्लो-इंडियन’ म्हणजे आधी हिंदुस्थानात राहणारा अस्सल इंग्रज. १९११ च्या जनगणनेत सरकारने हे नाव मिश्र समाजाला दिलं. १९३५ च्या कायद्यात त्याची व्याख्या झाली आणि तीच थोड्याफार फरकाने राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमात आली: बाप किंवा बापाच्या बाजूचा कुणी पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा हवा, आणि जन्म नि वास्तव्य भारतातलं. म्हणजे ‘अँग्लो’ असूनही पणजोबा पोर्तुगीज किंवा डच चालतो. इंग्रज आई आणि मराठी बाप असेल तर मात्र मूल या व्याख्येत बसत नाही.

लोकसभेत या समाजाचे दोन सदस्य नेमण्याची तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. व्याख्या तशीच आहे.