कार्यअहवाल, आमदारांचा

विधानसभा किंवा विधान परिषद सदस्याने अधिवेशनानंतर अथवा वर्षाअखेरीस मतदारांसमोर ठेवलेले आपल्या कामाचे निवेदन. पुस्तिका, घडीपत्रिका, वृत्तपत्रातील पुरवणी किंवा समाजमाध्यमावरील मजकूर अशा कोणत्याही रूपात तो निघतो. त्याचे दोन कणे असतात: अर्थसंकल्पातून मतदारसंघासाठी काय मिळाले, आणि कोणती विधेयके कुठवर आली. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), विधानसभेच्या नियम 105 खालील लक्षवेधी सूचना, नियम 293 खालील चर्चेतील भाषणे यांची यादी त्याला जोडलेली असते. असा अहवाल काढण्याची कायदेशीर सक्ती नाही आणि त्याचा विहित नमुनाही नाही. त्यामुळे तो लिहिणाऱ्याइतकेच वाचणाऱ्यालाही अर्थसंकल्पाचे टप्पे माहीत असावे लागतात.

शब्द. ‘अहवाल’ हे मूळ अरबी ‘हाल’ (स्थिती) या शब्दाचे अनेकवचन. फारसीतून ते मराठीत आले आणि येथे एकवचनी पुल्लिंगी नाम म्हणून स्थिरावले. ‘कार्य’ या संस्कृत शब्दाशी त्याचा समास होताना संधी होत नाही. ‘कार्याहवाल’ असे रूप क्वचित छापलेले दिसते, पण ‘कार्यअहवाल’ हेच रूढ व ग्राह्य धरावे. ‘अंदाजपत्रक’ व ‘अर्थसंकल्प’ या जोडीतही असाच पेच आहे. फारसी ‘अंदाज’वरून बनलेला पहिला शब्द महापालिका व ग्रामपंचायतींच्या व्यवहारात टिकून आहे, तर राज्य शासनाने दुसरा स्वीकारला आहे. संविधानाच्या मराठी पाठात या दोहोंऐवजी ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ (अनुच्छेद 202) असा शब्द येतो.

पूर्वपीठिका. मुंबईच्या कायदेमंडळात सदस्याने अर्थसंकल्पाविषयी बोलण्याची प्रथा नेमकी केव्हापासून मानावी, याबद्दल एकवाक्यता नाही. 1861 च्या कायद्याने स्थापन झालेल्या मुंबईच्या कायदेमंडळाची पहिली बैठक जानेवारी 1862 मध्ये झाली, म्हणून काहीजण तेथून आरंभ धरतात. परंतु त्या मंडळाचे काम समोर आलेल्या कायद्यांच्या मसुद्यांपुरते बांधलेले होते. जमाखर्चावर चर्चा करण्याचा अधिकार त्याला नव्हता. 1892 च्या कायद्याने वार्षिक विवरणपत्रावर मत मांडण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा दिली, मतदानाची नाही. गोपाळ कृष्ण गोखले 1899 पासून मुंबईच्या कायदेमंडळात होते. 1902 पासून मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी केलेली अर्थसंकल्पावरील भाषणे याच चौकटीतली; आकडे बारकाईने मांडता येत, पण एक रुपयाही कमी करता येत नसे. 1901 मध्ये मुंबईत जमीन महसूल कायद्यातील दुरुस्तीच्या विधेयकावर फिरोजशहा मेहता, गोखले व त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले, ते याच असहायतेमुळे. 1909 च्या सुधारणांनी ठराव मांडण्याची सोय झाली. अनुदानाच्या मागण्यांवर मत देण्याचा हक्क 1919 च्या कायद्याने दिला व तो 1921 पासून अमलात आला; मात्र राखीव खात्यांची (गव्हर्नरच्या थेट हाती ठेवलेल्या खात्यांची) नाकारलेली रक्कम गव्हर्नर आपल्या अधिकारात पुन्हा बसवू शकत असे. सदस्याने मतदाराला ‘मी पैशाबाबत काय केले’ हे सांगण्याला खरा अर्थ मतदानाच्या हक्काने येतो. या दृष्टीने 1921 हा आरंभ अधिक सयुक्तिक वाटतो. 1937 च्या प्रांतिक स्वायत्ततेने हा हक्क विस्तारला. छापील कार्यअहवालाची चाल मात्र बहुधा पुष्कळ नंतरची असावी.

अर्थसंकल्पाचे काम. महाराष्ट्रात अर्थमंत्री विधानसभेत व अर्थ राज्यमंत्री विधान परिषदेत साधारणतः मार्चच्या सुरुवातीस अर्थसंकल्प सादर करतात. त्याच्या थोडे आधी आर्थिक पाहणी अहवाल येतो. 2025-26 चा अर्थसंकल्प 10 मार्च 2025 रोजी सादर झाला: एकूण खर्च 7,00,020 कोटी रुपये, महसुली जमा 5,60,964 कोटी, महसुली खर्च 6,06,855 कोटी, म्हणजे महसुली तूट 45,891 कोटी रुपये. सादरीकरणानंतर सर्वसाधारण चर्चा, मग विभागवार मागण्या, कपात सूचना, मतदान, आणि शेवटी अनुच्छेद 204 खालील विनियोजन विधेयक, असा क्रम असतो. हे विधेयक मंजूर होऊन त्याचा अधिनियम झाल्याखेरीज एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याच्या तिजोरीतून, पैसा निघत नाही.

राज्यपालांच्या शिफारशीवाचून कोणतीही मागणी मांडता येत नाही (अनुच्छेद 203). म्हणून आमदाराला सभागृहात खर्च वाढवण्याची दुरुस्ती मांडता येत नाही; मागणी कमी करण्याची सूचनाच देता येते. कपात सूचना तीन प्रकारची: धोरणाला विरोध म्हणून मागणी एक रुपयावर आणणारी, काटकसरीसाठी ठरावीक रक्कम वजा करणारी, आणि गाऱ्हाणे मांडण्यासाठी शंभर रुपये कमी करणारी. प्रत्यक्षात या सूचना मतास टाकण्यापूर्वी मागे घेतल्या जातात किंवा आवाजी मतदानाने फेटाळल्या जातात. सत्ताधारी आमदाराचे अर्थसंकल्पीय काम त्यामुळे सभागृहाबाहेर, मागण्यांची पुस्तके छापून येण्याआधीच झालेले असते. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात विभागाकडे दिलेले पत्र व त्याला जोडलेले कार्यकारी अभियंत्याचे अंदाजपत्रक यांवर काम ‘बजेटला लागणे’ अवलंबून असते. या बाबी कार्यअहवालात सहसा येत नाहीत, आणि ही त्याची मोठी उणीव आहे.

प्रत्येक रकमेला लेखाशीर्ष, म्हणजे ती कोणत्या खात्यावर पडते हे सांगणारा संकेतांक, असते. पहिले चार अंक प्रधान शीर्षाचे. 2 किंवा 3 ने सुरू होणारे शीर्ष महसुली (चालू) खर्चाचे, 4 किंवा 5 ने सुरू होणारे भांडवली (टिकाऊ मालमत्ता उभारण्याच्या) खर्चाचे, 6 किंवा 7 ने सुरू होणारे कर्जाचे. रस्त्यांच्या बाबतीत ‘तीस-चोपन्न’ (3054) म्हणजे मुख्यत्वे देखभाल-दुरुस्ती आणि ‘पन्नास-चोपन्न’ (5054) म्हणजे भांडवली काम. ‘पंचवीस-पंधरा’ हा ग्रामीण भागात कार्यकर्त्यांच्या तोंडी असलेला शब्द 2515 1238 या संकेतांकावरून आला. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे ग्रामविकास विभागामार्फत त्यातून होतात: सभामंडप, गावातील काँक्रीट रस्ता, गटार, स्मशानभूमीचे शेड. आमदार स्थानिक विकास निधी त्याहून वेगळा आहे. 2022-23 पासून तो दरवर्षी 5 कोटी रुपये असून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतो. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीचा निधी हा तिसरा. चोख कार्यअहवालात हे स्रोत वेगवेगळ्या रकान्यांत असतात. सगळ्यांची बेरीज करून ‘मतदारसंघात इतके कोटी आणले’ असे म्हटले, की एकच काम दोनदा मोजले जाण्याची शक्यता वाढते.

सर्वात अधिक गोंधळ तरतूद आणि किंमत यांत होतो. समजा, नाल्यावरील एका पुलाची प्रशासकीय मान्यता (काम एकूण किती खर्चात करायचे याची मंजुरी) 4 कोटी रुपयांची आहे आणि त्या वर्षी अर्थसंकल्पात 5054 खाली तरतूद 40 लाखांची आहे. फलकावर 4 कोटी लागतात. कंत्राटदाराला त्या वर्षी मिळू शकणारी रक्कम 40 लाख, आणि तीही ‘बीम्स’ या संगणकीय वितरण प्रणालीवर निधी सोडला गेल्यावर. उरलेले 3 कोटी 60 लाख हे पुढील वर्षांवरचे दायित्व. एका विभागात अशी कामे साठत गेली, की नव्या तरतुदीचा मोठा भाग जुन्या देयकांत जातो आणि पूल खांबांवर थांबतो. म्हणून प्रत्येक कामापुढे निदान पाच गोष्टी असाव्यात: लेखाशीर्ष, मान्यतेची रक्कम व दिनांक, चालू वर्षाची तरतूद, कार्यारंभ आदेशाचा दिनांक, प्रत्यक्ष वितरित निधी. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश ही साखळी आचारसंहिता लागली, निविदेला प्रतिसाद आला नाही, जागा ताब्यात नसली किंवा सरकार बदलून मान्यतांना स्थगिती मिळाली, की तुटते. 31 मार्चला अखर्चित तरतूद व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. वेळीच समर्पित (परत) केली तरच ती अन्यत्र वळवता येते.

पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितलेला जादा निधी (अनुच्छेद 205), हा स्वतंत्र विषय होऊ शकेल एवढा वाढला आहे. जून-जुलै, डिसेंबर व फेब्रुवारी-मार्च अशा तिन्ही अधिवेशनांत त्या येतात. 30 जून 2025 रोजी सादर झालेल्या मागण्या 57,509.71 कोटी रुपयांच्या, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या सुमारे 8.2 टक्के होत्या. त्यांत अनिवार्य बाबींसाठी 19,183.85 कोटी, राज्याच्या कार्यक्रमांसाठी 34,661.34 कोटी व केंद्र पुरस्कृत योजनांसाठी 3,664.52 कोटी रुपये होते. या स्थूल आकड्याशेजारी ‘निव्वळ भार’ पाहावा लागतो, तो 40,644.69 कोटी होता. अन्य शीर्षाखालील बचत वा समायोजनातून भागणारा हिस्सा वजा केल्यावर तिजोरीवर खरोखर पडणारा हा बोजा. नव्या बाबीला सभागृहाची संमती हवी, पण पैसा अन्य शीर्षातून वळवता येणार असेल, तर हजार रुपयांची लाक्षणिक मागणी मांडतात. ‘पुरवणीत काम टाकले’ या वाक्याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो. कार्यअहवालात ही हजार रुपयांची नोंद पूर्ण किमतीने छापली जाते तेव्हा गावकऱ्यांची फसगत होते, आणि पुढे वर्षभर त्याचा जाब तलाठी-ग्रामसेवकाला विचारला जातो.

निवडणुकीच्या वर्षात आणखी एक अडचण येते. 2024 मध्ये 27 फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्पासोबत चार महिन्यांचे लेखानुदान, म्हणजे तेवढ्या काळापुरत्या खर्चाची आगाऊ मंजुरी (अनुच्छेद 206), घेतले गेले व 28 जूनला पूर्ण अर्थसंकल्प आला. दोन्ही एकाच आर्थिक वर्षाचे असल्यामुळे त्यांतील तरतुदी बेरजेस घेता येत नाहीत. त्याच जुलैतील पुरवणी मागण्या सुमारे 94,889 कोटी रुपयांच्या होत्या. त्या मात्र भर म्हणून धरायच्या.

प्रलंबित विधेयके. ‘विधेयक मांडले’, ‘मंजूर झाले’ आणि ‘कायदा झाला’ ही तीन वेगळी विधाने आहेत. दोन्ही सभागृहांची मंजुरी, अनुच्छेद 200 खाली राज्यपालांची अनुमती, राजपत्रात प्रसिद्धी आणि, विधेयकात तसे म्हटले असल्यास, अंमलबजावणीचा दिनांक नेमणारी अधिसूचना, हे सर्व झाल्याखेरीज लोकांना त्याचा लाभ नाही. केंद्रीय कायद्याशी विसंगती असेल तर विधेयक राष्ट्रपतींकडे जाते. डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले, महिला व बालकांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक असेच केंद्राकडे गेले. ते ज्या भारतीय दंड संहितेत दुरुस्ती करणार होते, ती संहिताच 1 जुलै 2024 पासून जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली.

विधेयक केव्हा व्यपगत होते, हा वादाचा मुद्दा बारकाईने पाहावा लागतो. सत्रसमाप्तीने (अधिवेशन संपल्याने) कोणतेही विधेयक व्यपगत होत नाही. विधानसभा विसर्जित झाली, तर तिच्यासमोर असलेले, तसेच तिने मंजूर करून परिषदेत अडलेले विधेयक व्यपगत होते. परिषदेसमोर असलेले पण विधानसभेने अद्याप मंजूर न केलेले टिकते (अनुच्छेद 196). दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले व अनुमतीसाठी गेलेले विधेयक कोणत्या गटात मोडते, हे संविधानात स्पष्ट नव्हते. पुरुषोत्तमन नंबुद्री विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे विधेयक विसर्जनाने व्यपगत होत नाही असे ठरवले, आणि तेच मत आज प्रमाण आहे. अनुमती किती काळ रोखता येते, हा पुढचा प्रश्न. विधेयक परत न पाठवता राज्यपालांना नुसतेच अडवून ठेवता येणार नाही, असे नोव्हेंबर 2023 मध्ये पंजाबच्या प्रकरणात म्हटले गेले. एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात द्विसदस्यीय पीठाने कालमर्यादा आखून दिल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये राष्ट्रपतींच्या संदर्भावर (त्यांनी न्यायालयाचे मत मागण्यासाठी पाठवलेल्या प्रश्नांवर) पाच सदस्यीय पीठाने, न्यायालयाला अशी मुदत घालता येत नाही व अनुमती गृहीत धरता येत नाही, असे मत दिले. मात्र अनिश्चित काळ निष्क्रिय राहणे न्यायालयाच्या मर्यादित तपासणीस पात्र ठेवले. यापुढच्या कार्यअहवालात एप्रिलच्या मुदती आधाराला घेऊ नयेत.

महाराष्ट्रातील अलीकडचे बोधक उदाहरण विशेष जनसुरक्षा विधेयकाचे. 11 जुलै 2024 रोजी ते विधानसभेत मांडले गेले, मंजूर झाले नाही, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर नव्या विधानसभेत 18 डिसेंबरला नागपुरात नव्याने मांडावे लागले. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. 10 जुलै 2025 ला विधानसभेने व 11 जुलैला परिषदेने ते मंजूर केले. उलट लोकायुक्त विधेयक डिसेंबर 2022 मध्ये विधानसभेत मंजूर होऊनही परिषदेतून डिसेंबर 2023 मध्येच बाहेर पडले. साध्या विधेयकाला परिषद पहिल्या खेपेस तीन महिने व दुसऱ्या खेपेस एक महिना थांबवू शकते, धन विधेयकाला (कर, कर्ज वा सरकारी खर्चापुरत्या विधेयकाला) केवळ चौदा दिवस. पण तीन महिन्यांनंतर विधानसभेने ते पुन्हा मंजूर करून धाडले नाही, तर ते तसेच पडून राहते.

अशासकीय विधेयकांसाठी (मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या विधेयकांसाठी) शुक्रवारचे अखेरचे तास राखलेले असतात. त्यांतील फारच थोडी चर्चेला येतात.

परिषद सदस्य. विधान परिषदेच्या 78 सदस्यांना अर्थसंकल्पावर चर्चा करता येते, मागण्यांवर मत देता येत नाही. तो हक्क विधानसभेच्या 288 सदस्यांपुरता आहे. पदवीधर वा शिक्षक मतदारसंघातील सदस्याच्या अहवालात ‘मागणी मंजूर केली’ असे लिहिणे त्यामुळे चूक ठरते.

गोवा. 40 सदस्यांचे एकच सभागृह असल्याने परिषदेचा टप्पा नाही. तेथील विधेयक विधानसभेतून थेट राज्यपालांकडे जाते, आणि विसर्जनाने व्यपगत होण्याचा नियमही त्यामुळे सरळ लागू होतो.