कॅप्शन फोटोसोबत, ऑल्ट फोटोऐवजी
तारकर्लीत निवास-न्याहारी चालवणाऱ्या एका काकांची वेबसाइट मी मे महिन्यात करून दिली. थाळीच्या फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटो दिसला नाही तर त्याच्या जागी येणारा मजकूर) काय लिहू, असं विचारलं तर म्हणाले, "खाली लिवलंय मां, मग परत कित्याक?" खाली होतं 'आईच्या हातचं जेवण, दुपारी साडेबारापासून'. तीच ओळ ऑल्टमध्ये चिकटव म्हणे. वेबसाइटी करणारे कितीतरी जण हेच करतात, त्यामुळे काकांना काय बोलणार?

जुन्या अल्बममधल्या फोटोच्या पाठीवर 'मोठ्या वहिनी, गणपती, १९८७' असं लिहिलेलं असायचं, ते कॅप्शन. फोटो समोर आहे हे धरून चालायचं आणि त्यात जे दिसत नाही ते सांगायचं. ऑल्ट मात्र फोटो दिसतच नाही असं धरून लिहायचा. अंध माणसाच्या फोनवरचं टॉकबॅक किंवा कंप्युटरवरचा एनव्हीडीए ही वाचक सॉफ्टवेअरं तो बोलून दाखवतात. (एनव्हीडीए फुकट मिळतो. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने तो २००६ साली सुरू केला.) वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या १९९९ च्या नियमावलीतही चित्राला शब्दांचा पर्याय द्या, हाच पहिला नियम होता.

म्हणून थाळीचा ऑल्ट मी असा लिहिला: 'केळीच्या पानावर तळलेल्या सुरमईचे दोन तुकडे, भात, वाटीत सोलकढी'. काकांचं ऐकलं असतं तर ऐकणाऱ्याला साडेबाराची वेळ दोनदा कळली असती आणि मासा एकदाही नाही. सुरुवातीला 'फोटो' हा शब्दही नको, चित्र आलं हे वाचक सॉफ्टवेअर स्वतःच सांगतं.

पानाच्या कडेची लाटांची नक्षी निव्वळ शोभेची. तिचा ऑल्ट रिकामा ठेवायचा, म्हणजे ती गुपचूप वगळली जाते. रिकामा ठेवणं वेगळं आणि ऑल्ट लिहायलाच विसरणं वेगळं. विसरलात तर कधी कधी फाइलचं नाव, 'आयएमजी' आणि पुढचे आठ आकडे, खणखणीत ऐकू येतं. व्हॉट्सअॅपच्या चिन्हाला 'हिरवा गोल' म्हणून उपयोग नाही, 'व्हॉट्सअॅपवर खोलीची चौकशी करा' असं लिहायचं. आणि दरपत्रक फोटो काढून टाकलं असेल तर ना कॅप्शन पुरे, ना ऑल्ट. सरळ टाइप करा.

एक चूक माझीही झाली. पडवीला तीन पायऱ्या आहेत हे मी ऑल्टमध्ये लिहून मोकळा झालो. पण व्हीलचेअरवरच्या पाहुण्याला फोटो व्यवस्थित दिसतो, त्याच्या कानावर ऑल्ट येणार कुठून? मागच्या दाराला पायरीच नाही, हे तर फोटोतही नव्हतं. आता दोन्ही गोष्टी कॅप्शनमध्ये आहेत: 'पुढे तीन पायऱ्या, रॅम्प नाही, मागच्या दाराने व्हीलचेअर थेट आत येते'.

जूनमध्ये पाऊस लागला आणि रेंज गेली. काकांच्या फोनवर थाळीचा फोटो उघडेना, त्या जागी नुसता ऑल्ट दिसला. रेंज आल्याबरोबर त्यांचा फोन, "अरे, ती सुरमय न्हय, सरंगो आसा तो!"