जलसंजीवनी

जुलाब-उलट्यांमुळे शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार तोंडावाटे भरून काढण्यासाठी दिले जाणारे, मीठ, ग्लुकोज व इतर क्षारांचे ठरावीक प्रमाणातील द्रावण. मेडिकलच्या दुकानात ते ओआरएस या नावाने मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते.

शरीरातले सोडियम मुख्यतः पेशींबाहेरच्या द्रवात, तर पोटॅशियम पेशींच्या आत असते. पेशीच्या आवरणातले सूक्ष्म पंप हा फरक अहोरात्र राखतात आणि त्यासाठी शरीराची बरीच ऊर्जा खर्च होते. मज्जातंतूंतून संदेश जाणे, स्नायू आकसणे, हृदयाचे ठोके नियमित पडणे हे सगळे त्याच फरकावर चालते. जुलाबांत पाण्याबरोबर हे क्षारही वाहून जातात. मग अंगात त्राण राहत नाही, तोंडाला कोरड पडते, पायांत गोळे येतात, लघवी कमी होते. लहान मुलांचे डोळे खोल जातात.

अशा वेळी नुसते मिठाचे पाणी पुरत नाही. लहान आतड्याच्या अस्तरातले एक वाहक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. पटकीच्या (कॉलराच्या) विषाने आतड्यात पाणी झरत असतानाही ही वाट बंद पडत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे ही जोडवाहतूक मांडली. ढाक्यात १९६८ मध्ये डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांवर तिचा उपयोग करून दाखवला.

तिची खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत कालवले आणि रुग्णांना पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांखाली आले. आईच्या हातातल्या पेल्याने जीव वाचतो, हे वैद्यकाला इतक्या ठळकपणे प्रथमच दिसले. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

घराघरांत आजही चूक होते ती कालवण्यात. एक लिटरचे पाकीट थोडे थोडे करून पेल्यात टाकले जाते, आणि मग क्षार कधी जास्त पडतात, कधी कमी. पाकीट पूर्ण रिकामे करून बरोबर लिटरभर स्वच्छ पाण्यात ढवळावे आणि ते २४ तासांत संपवावे. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा पाजावे. ताक, भाताची पेज यांचाही आधार होतो. शहाळ्यात मात्र पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असल्याने जोराच्या जुलाबांत एकट्या शहाळ्यावर भागत नाही. मूल सुस्तावले किंवा पाणी पोटात टिकेनासे झाले, तर शिरेवाटे सलाईन लागते. तेव्हा वाट पाहू नये.

‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ ही मागणी मात्र बहुतेक वेळा अनाठायी असते. साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी यापलीकडे काही नसते. रोजच्या थकव्यावर ‘एनर्जी’ म्हणून जलसंजीवनी पिणेही तसेच. तिच्या एका लिटरमध्ये सुमारे १.७ ग्रॅम सोडियम असते आणि प्रौढांसाठी दिवसभराची शिफारस २ ग्रॅमपेक्षा कमी आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पिऊ नये. याउलट, तासन्‌तास धावताना केवळ पाणीच पीत राहिल्यास रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

ओआरएस म्हणून विकली जाणारी गोड पेये हा वेगळा धोका आहे. जादा साखर पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढवते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली.