तुंबलेली नदी आणि वाहती नदी

‘बंधारा झाला, पाणी बारमाही राहिलं, पक्षी वाढले, म्हणजे नदी सुधारली.’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. पहिल्या तीन गोष्टी बहुधा खऱ्या असतात. घोळ आहे तो त्या ‘म्हणजे’मध्ये.

थांबलेल्या पाण्यावरचे पक्षी तुम्हाला चांगलेच ओळखीचे आहेत. टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, थंडीत येणारी बदकं. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वरचं पाणथळ बंधाऱ्यामुळेच तयार झालं आणि ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. अशा जागा जपायलाच हव्यात, त्याबद्दल वाद नाही. खोली, गाळ, पाणवनस्पती यांत जलाशय आणि नदी वेगळे असतात, हेही कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

खरी अडचण पाण्याच्या चढउताराची आहे. नदी पावसाळ्यात फुगते, काठ खाते, वाळू वाहून आणते आणि उन्हाळ्यात आत सरकते. तेव्हा मधोमध उघडी पडणारी वाळूची आणि गोट्यांची बेटं हाच नदीच्या खास पक्ष्यांचा पाळणा. नदी सुरय, काळ्या पोटाचा सुरय, पाणचिरा, नदी टिटवी, लहान आर्ली हे सगळे जमिनीवर, उघड्यावर अंडी घालतात. त्यांना झाड नको, झुडूप नको. चारही बाजूंनी पाणी हवं, म्हणजे कुत्री-कोल्ही येत नाहीत, आणि लांबवर दिसायला हवं.

काठावरून दुर्बिणीतून नदी सुरयाचं घरटं शोधून पाहा. घरटं कसलं, वाळूत पोटाने केलेला उथळ खळगा. त्यात दोन-तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. पक्षी उठला की तीच जागा पुन्हा सापडत नाही. पाणचिऱ्याचंही तसंच. चंबळच्या बेटांवर तो ऐन उन्हाळ्यात वीण करतो. दुपारी वाळू तापली की पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो, ती भाजू नयेत म्हणून.

आता याच महिन्यांत वरच्या धरणातून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरवून सोडलेलं पाणी, सुटलं, तर पाणी हातभर चढलं तरी पुरे, अख्खी वसाहत वाहून जाते. उलट पाणी फारच अडवलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि रात्रीत कुत्री पोचतात. आणि बंधाऱ्याने पातळी वर्षभर एकसारखी ठेवली, तर बेट उघडं पडतच नाही. वारकऱ्याला यातलं शेवटचं फार आवडतं. म्हणून त्याच्या संख्येवरून नदीची तब्येत ठरवू नका.

धरण म्हटलं की सगळं संपलं, असंही नाही. कर्नाटकातल्या भद्रा जलाशयात उन्हाळ्यात पातळी उतरते, बेटं वर येतात आणि त्यांवर नदी सुरयांची मोठी वसाहत बसते. प्रश्न भिंतीइतकाच वेळापत्रकाचा आहे: पाणी कधी उतरतं आणि पिल्लं उडेपर्यंत उतरलेलं राहतं का.

पाणी असूनही नदी मरते, याचा सगळ्यात स्पष्ट दाखला फ्लोरिडातल्या किसिमी नदीचा. १९६२ ते १९७१ मध्ये तिची १६६ किलोमीटरची वळणं ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात कोंबली. कालवा कायम भरलेला, पातळी दारांनी बांधलेली. पण पूरमैदान कोरडं पडलं आणि हिवाळी पाणपक्षी ९० टक्क्यांहून जास्त घटले. १९९९ मध्ये कालव्याचा काही भाग बुजवायला सुरुवात झाली, जुनी वळणं पुन्हा जोडली गेली, काम २०२१ मध्ये पुरं झालं. पाणी पुन्हा मैदानावर पसरू लागलं, तसे बगळे आणि बदकं परतली.

दुसरा गैरसमज याचाच भाऊबंद: बेटावर झाडं लावली की पुनरुज्जीवन. ‘ओसाड वाळू हिरवी केली’ हे वाचलं की माझा जीव खाली-वर होतो. ती वाळू ओसाड नसते, दर पावसाळ्यात पूर तिला घासूनपुसून स्वच्छ ठेवतो. अमेरिकेतल्या प्लॅट नदीचं पाणी वर अडवल्यावर पूर मंदावले, बेटांवर झाडी माजली, पात्र अरुंद झालं. मग करकोचे आणि सुरय यांच्यासाठी माणसांनाच यंत्रं लावून झाडी काढावी लागली, आजही लागते. झाडं लावायची तर वरच्या काठावर लावा, तीही तिथलीच.

काठाच्या दगडी पिचिंगबद्दल एकच सांगतो. कवड्या खंड्या आणि वेडा राघू मातीच्या उभ्या दरडीत बीळ खोदतात. दगड रचला की तो दरवाजा बंद, मग वर कितीही सुंदर बाग करा.

त्यामुळे पक्षीगणनेत एकूण आकडा देणं मला मान्य नाही. दोन याद्या वेगळ्या करा. एकीत वारकरी, बदकं, पाणकोंबड्या. दुसरीत सुरय, आर्ली, नदी टिटवी, दरडीतली बिळं, आणि हिची नोंद थंडीत नव्हे, मार्च ते मे या काळात, काठावरूनच, बेटावर पाऊल न ठेवता. पहिली यादी फुगली आणि दुसरी कोरी राहिली, तर तुमच्याकडे चांगला तलाव आहे. धरणाचं पाणी सोडणाऱ्यांकडे जायचं ते ही दुसरी यादी घेऊन, आवर्तनाच्या तारखा ठरायच्या आधी.